आमचा पहिला परदेशप्रवास

गेल्या पंधरवड्यात आमच्या नातीचे पत्र आले. पत्र म्हणजे टपालवाल्याने ओटीवर आणून टाकलेले नव्हे. हल्ली पत्रे भ्रमणध्वनीच्या काचेवर उमटतात आणि आम्हांस चष्मा सापडेपर्यंत विझूनही जातात. नात व तिचे यजमान इंग्लंडात असतात. मुलांच्या शाळेस सुट्टी लागली म्हणून ती सर्व मंडळी मोटारीसकट बोटीत चढली आणि डोव्हर बंदरातून निघून दीड तासात फ्रान्समधील कॅले बंदरात उतरली. वारा किती होता, पोरांच्या टोप्या कशा उडाल्या, बोटीवर चहा किती महाग मिळाला, असे सर्व वर्तमान लिहून झाल्यावर शेवटी तिने विचारले होते, "आजोबा, तुम्ही कधी बोटीने परदेशी गेला आहात का?"

हा प्रश्न वाचून घरातील तरुण मंडळी हसली. आमची उभी हयात मालवणात गेली. नोकरी येथल्याच शाळेत झाली. मुंबईस जाणे झाले ते लग्नामुंजीपुरते किंवा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेपुरते. अशा गृहस्थास बोटीने परदेशी गेल्याचे विचारणे म्हणजे थट्टाच, असा सर्वांचा समज झाला. परंतु आम्ही उत्तर सांगितले, "लिही तिला, गेलो आहोत. १९५३ साली माघ महिन्यात, आमच्या आजीबरोबर." कोणाचाच विश्वास बसेना, तेव्हा देवघरातील लाकडी पेटीतून एक काळवंडलेले ब्राँझचे नाणे काढून मुलांपुढे ठेविले. त्यावरील अक्षरे रोमन, भाषा पोर्तुगीज. हा एक तांगा. असे सोळा तांगे झाले म्हणजे गोव्याचा एक रुपिया होत असे. हे नाणे आमच्या आत्याने आमच्या हातावर ठेविले होते. तो प्रवास कसा झाला हे मुलांस सांगताना त्यांस मोठी मौज वाटली. दुसरा प्रवास का झाला नाही हे मात्र आम्ही त्या दिवशी सांगितले नाही. ते येथे सांगतो, कारण ते घरोघरच्या वडील माणसांनी वाचावे असे आहे.

आज मालवणाहून गोव्यास जाणारा माणूस सकाळी निघून दुपारच्या जेवणास तेथे पोहोचतो आणि वाटेत सीमा कोठे लागली हे त्यास पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. १९५३ साली तसे नव्हते. तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगालचे राज्य होते. इतकेच नव्हे तर १९५१ साली त्या सरकारने आपली घटना बदलून गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच समुद्रापलीकडील प्रांत आहे, असे ठरविले होते. म्हणजे कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे पाहिले तर दहा वर्षांचे आम्ही, डोक्यास काळी टोपी व पायांत नवीन वहाणा घालून, मालवणच्या बंदरातून निघालो ते थेट युरोपातील एका राष्ट्रात जाऊन उतरलो. अंतर सुमारे चाळीस सागरी मैलांचे. आमची आत्या फोंड्याजवळ कवळे येथे दिलेली होती. आमची कुलदेवता श्रीशांतादुर्गा हीही तेथलीच. लेक आणि देवी दोघीही एकाच गावी असल्यामुळे आजीचे निम्मे चित्त सदैव कवळ्यास असे.

परंतु जावयाचे कसे? खुष्कीचा मार्ग सावंतवाडी, बांदे असा लांबचा, आणि त्या काळच्या मोटारींतून म्हाताऱ्या माणसास नेणे म्हणजे हाडे खिळखिळी करून घेणे. सरळ मार्ग आगबोटीचा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघणारी बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी एकेक बंदरे घेत मालवणास येई व पुढे वेंगुर्ल्यावरून पणजीस जाई. मृगाच्या सुमारास ही वाहतूक बंद पडे ती नारळी पौर्णिमेनंतरही काही दिवस सुरू होत नसे. बाकीचे सात-आठ महिने बोट ही कोकणच्या माणसाची बैलगाडी होती.

अडचण एवढीच होती की आमचे वडील, ज्यांस घरात सर्वजण भाऊ म्हणत, त्यांस बोटीची अत्यंत धास्ती होती. ती अगदी निराधार होती असेही नव्हे. १९२७ च्या नोव्हेंबरातील एका वादळात 'तुकाराम' व 'जयंती' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या, आणि पुढे १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्यास महिना उरला असता, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईबाहेर काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेंवर माणसे प्राणांस मुकली. सणाकरिता घराकडे निघालेली ती माणसे होती. कोकणात असा गाव विरळा की ज्याने त्या दिवशी कोणाचे तरी नाव काढून रडणे केले नसेल. तेव्हापासून आमच्या घरात बोटीचा विषय निघाला की भाऊ उठून अंगणात जात. १९५३ च्या माघात मात्र आजीने जेवणच सोडले, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी भाऊ निमूटपणे बोटीच्या कचेरीत जाऊन तिकिटे घेऊन आले.

मालवणचे बंदर दिसावयास रम्य, परंतु पाण्याखाली सर्वत्र खडक. त्यामुळे मोठी बोट काठास लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही व उतारू पडावातून तिच्याकडे नेले जात. ती पहाट आम्हांस अद्याप स्मरते. किनाऱ्यावर वळकट्या, ट्रंका, फणसपोळीचे डबे, कोंबड्यांच्या करंड्या व निरोप देण्यास आलेली माणसे यांची एकच गर्दी उसळली होती. दूर अंधारात बोटीचे दिवे दिसू लागले, भोंगा झाला आणि खलाशांनी आजीला लहान मुलासारखी उचलून पडावात ठेविली. डाव्या हाताला सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट काळा उभा होता. बोटीच्या अंगास पडाव लागला की लाटेबरोबर वर-खाली होई. तो वर आला की शिडीवर पाऊल टाकावयाचे, खाली गेला की थांबावयाचे. आजी आपल्या सत्तराव्या वर्षी ती शिडी 'जय शांतादुर्गे' म्हणत चढली. भाऊंस मात्र दोन खलाशांनी हात द्यावा लागला.

बोटीवर आम्हांस डेकवर जागा मिळाली. आजीने वळकटी पसरली, सोवळ्याचा डबा उशाशी ठेविला व बोटीवर पाण्याचा थेंबही न घेण्याचा निश्चय जाहीर केला. आम्हांस बोट लागेल म्हणून तिने लिंबे आणिली होती. ती सर्व भाऊंच्याच उपयोगास आली. आचऱ्याचे एक गृहस्थ, वेंगुर्ल्यास निघालेले दोन काजूचे व्यापारी व पणजीस मुलीच्या बाळंतपणाला चाललेली एक म्हातारी, अशा आसपासच्या मंडळींत अर्ध्या घटकेत ओळखी निघाल्या, आणि त्यांतून दोन नातीही निघाली. तांबडे फुटले तेव्हा वेंगुर्ल्याचे बंदर आले. पुढे सूर्य वर आला तसा उजव्या हातास अथांग पाणी व डाव्या हातास माडांची एकसारखी रांग दिसू लागली. आम्ही कठड्यास धरून उभे होतो. तेरेखोलच्या मुखावरील किल्ला दिसला तेव्हा काजूच्या व्यापाऱ्याने सांगितले, "बाळ, येथून परदेश सुरू." आम्ही डोळे फाडून पाहिले. अलीकडे माड होते तसेच पलीकडेही माड होते. समुद्राचा रंगही बदलला नाही. आमची फार निराशा झाली.

आग्वादच्या किल्ल्यास वळसा घालून बोट मांडवीत शिरली व आदिलशहाच्या जुन्या वाड्यावरून पणजीच्या धक्क्यास लागली. तेथे मात्र परदेश दिसला. निराळा झेंडा, निराळ्या टोप्या, निराळी भाषा. कोण, कोठले, कोणाकडे, किती दिवस, याची चौकशी झाली आणि सर्वांच्या पेट्या उघडविण्यात आल्या. आजीच्या पेटीत मालवणी खाजे, आमसुले, देवीच्या ओटीचे सामान व कुळथाच्या पिठाची मोठी पुरचुंडी होती. त्या पुरचुंडीवर जकातीच्या कारकुनाचा संशय आला. त्याने ती सोडली, वास घेतला आणि प्रथमच पोर्तुगीज सोडून विचारले, "कुळथाचें पीठ मगो हें?" आजी म्हणाली, "तर! लेकीक व्हरतंय." तो हसला. आजीने लगेच खाज्याची पुडी सोडून त्याच्यापुढे धरली. त्याने इकडे-तिकडे पाहून एक कांडी उचलली व आमच्या पेटीवर खडूची खूण केली. पोर्तुगालच्या राज्यात आमचा प्रवेश हा असा झाला.

आत्या धक्क्यावर आली होती. मायलेकींची भेट आठ वर्षांनी होत होती. त्या दोघी काही बोलल्या नाहीत. आत्याने आजीच्या हातातील डबा तेवढा आपल्या हातात घेतला.

कवळ्यास आम्ही बारा दिवस राहिलो. माघ शुद्ध पंचमीची जत्रा पाहिली, रथ ओढला, तळीच्या काठी खेळलो. एके रात्री ओसरीवर आत्याचे सासरे देवीचा इतिहास सांगत होते. देवीचे मूळ स्थान कवळे नव्हे. ती साष्टीतील केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे मोडण्याचा धडाका लाविला तेव्हा भक्तांनी देव उचलून जुवारी नदी ओलांडली व आदिलशहाच्या मुलखात, म्हणजे आजच्या फोंडे महालात, आणून ठेविले. शेजारचा श्रीमंगेशही तसाच कुठ्ठाळीहून पाण्यावरून आलेला. पुढे अठराव्या शतकात शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांनी पुढाकार घेऊन देवीचे आजचे देऊळ उभे केले. हे नारोराम मूळ आमच्याच बाजूचे, वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे. आणि १७६३ साली फोंडे महालही पोर्तुगीजांकडे गेला. म्हणजे देवीने जे राज्य टाळण्याकरिता नदी ओलांडली तेच राज्य दोनशे वर्षांनी तिच्या दारात आले. सासरे म्हणाले, "राज्ये येतात आणि जातात. पण केळशीचे लोक अद्याप देवीस येतात, म्हणून ती केळशीची राहिली आहे. येणे थांबेल तेव्हा ती परकी होईल."

आम्ही मध्येच विचारले, "मग हा परदेश की नव्हे?" सर्वजण हसले. आजी मात्र गंभीरपणे म्हणाली, "आपली लेक नांदते तो परदेश कसा रे? घरचे कोणी फिरकत नाही तो परदेश."

निघण्याच्या दिवशी पणजीच्या धक्क्यावर आत्याने आमच्या हातावर हा तांगा ठेविला व आजीला विचारले, "आई, पुढल्या माघात येशील ना?" आजीने भाऊंकडे पाहिले. भाऊ म्हणाले, "येऊ की. त्यात काय मोठे!"

त्याच वर्षी कार्तिकात पत्र आले की आत्यास मुलगा झाला. आजीने आपले एक मऊ झालेले लुगडे फाडून त्याची दोन झबली शिवली. हाताने, बारीक टाक्याची. ती, एक हिरवा खण आणि हळदकुंकवाच्या पुड्या तिने एका लहान ट्रंकेत भरून ठेविल्या आणि ती माघाची वाट पाहू लागली. माघ आला. भाऊंच्या कचेरीत तपासणी निघाली. भाऊ म्हणाले, "चैत्रात जाऊ." चैत्रात थोरल्या बहिणीस पाहावयास पाहुणे यावयाचे होते. भाऊ म्हणाले, "वैशाखात नक्की." वैशाखात वारे पडले, दर्या खवळल्याची बातमी आली, कोणी तरी 'रामदास'चे नाव काढले, आणि भाऊ म्हणाले, "आता पावसाळा तोंडावर आला. इतके थांबलो तसे आणखी चार महिने. दिवाळीनंतर पहिल्या बोटीने जाऊ." भाऊ खोटे बोलत नव्हते. प्रत्येक वेळचे कारण खरे होते. आजी पहाटे भोंगा ऐकून अंथरुणात उठून बसे, बोट निघून गेल्याचा दुसरा भोंगा होईपर्यंत तशीच बसे, आणि मग सडा घालण्यास उठे. तिने पुन्हा जेवण सोडले नाही. तसे हट्ट माणूस एकदाच करतो.

त्या पावसाळ्यात काय घडले ते इतिहासात नमूद आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा व नगरहवेली मुक्त झाली. १५ ऑगस्टला सत्याग्रहींच्या एका तुकडीने तेरेखोलच्या त्याच किल्ल्यात शिरून तिरंगा फडकविला. दोन्ही सरकारांनी ये-जा आवळीत आणली. पुढल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसांहून अधिक माणसे ठार झाली. आपल्या सरकारने पणजीतील वकिलात बंद केली, आगगाडी तुटली, नाकेबंदी झाली. ज्या आग्वादच्या किल्ल्यास वळसा घालून आम्ही खाज्याची पुडी घेऊन गेलो होतो, त्यात गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक कैदेत पडले. पावसाळा संपून समुद्र मोकळा झाला, परंतु वाट मोकळी झाली नाही.

यात आम्ही कोणाला बोल लावणार? गोव्याच्या मुक्तीचा लढा न्यायाचा होता व आमच्या घराचे मन त्या लढ्याच्या बाजूने होते. सीमेवर ज्यांची माणसे पडली त्यांच्या दुःखापुढे आमचे दुःख ते काय! आजीनेही कधी सरकारास दूषण दिले नाही. परंतु सीमा बंद होण्यापूर्वी दीड वर्ष ती उघडी होती, आणि त्या दीड वर्षात पावसाळा सोडून दर आठवड्यास आमच्या दारावरून पणजीची बोट जात होती, ही गोष्ट भाऊ विसरू शकले नाहीत.

पत्रे क्वचितच येत. १९५८ च्या पावसाळ्यात आजी चार दिवसांच्या तापाने गेली. आत्यास कळविण्याचे होतील तितके प्रयत्न झाले. ते पत्र तिच्या हाती पडले तेव्हा आमच्या घरी मासिक श्राद्ध होऊन गेले होते, आणि तिच्या घरी त्या दिवशी तीन दिवसांचे सुतक सुरू झाले. मध्ये अंतर ते चाळीस मैलांचेच होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मालवणात साखर वाटली गेली. त्यानंतरच्या चैत्रात आत्या बांद्यावरून सावंतवाडीच्या वाटेने मोटारीने माहेरी आली. बरोबर तिचा आठ वर्षांचा मुलगा होता. ती प्रथम आजीच्या खोलीत गेली व रिकाम्या बाजेवर हात ठेवून बराच वेळ बसली. जेवणे झाल्यावर भाऊंनी माळ्यावरून ती लहान ट्रंक स्वतः खाली आणिली. आजीच्या मागे ती कोणी उघडली नव्हती. खणाचा रंग घड्यांवर उडाला होता. झबली मात्र जशीच्या तशी होती. आत्याने त्यांतील एक उचलले आणि समोर उभ्या असलेल्या मुलाच्या छातीस लावून पाहिले. ते एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंतही पुरेना. तो मुलगा बिचारा काही न समजून हसू लागला.

तेव्हा भाऊ बोलले. त्यांस आम्ही हयातीत एवढेच एक वाक्य स्वतःविषयी बोलताना ऐकिले. ते म्हणाले, "बाय, मी बुडणाऱ्या बोटीला भ्यालो. न बुडालेल्या बोटी वर्षभर दारावरून गेल्या, त्या मी मोजल्या नाहीत." आत्याने उत्तर दिले नाही. तिने झबल्याची घडी घातली व भाऊंस विचारले, "भाऊ, मुलाला समुद्र दाखवायला नेतोस का?" भाऊ भाच्याचा हात धरून बंदरावर गेले आणि त्यास घेऊन होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत जाऊन आले. 'रामदास' बुडाल्यानंतर ते आपण होऊन पाण्यावर गेले, ते त्या दिवशी.

त्यानंतर आत्याचे येणे-जाणे अखेरपर्यंत सुटले नाही. पुढे 'रोहिणी', 'सरिता' या बोटी आल्या. नंतर 'कोकण सेवक' व 'कोकण शक्ती' आल्या. आणि गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकाअखेर कोकणच्या किनाऱ्यावरील ती जुनी बोटवाहतूक बंद पडली. १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपासून अखंड सुरू झाली आणि २०२१ साली आमच्या जिल्ह्यात चिपीला विमानतळही झाला. सोयी झाल्या याचा आम्हांस आनंदच आहे. पडावातून उचलून नेण्याची हौस आता आम्हांस नाही. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यास जाणाऱ्या होड्या तेवढ्या चालू आहेत, आणि पावसाळा आला की त्याही बंद होतात.

आता नातीच्या पत्राकडे वळतो. तिने लिहिले होते की, पुढच्या सुट्टीत आजी-आजोबांनी इंग्लंडास यावे, म्हणजे सर्व मिळून बोटीने फ्रान्सला जाऊ. डोव्हर व कॅले यांमधील समुद्र सर्वांत अरुंद जागी एकवीस मैलांचा आहे. म्हणजे आमच्या मालवण-पणजीच्या जेमतेम निम्मा. तेथेही पाणी तेच असून कागद बदलतात. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर, १९२१ नव्हे, २०२१ साली, इंग्रज माणसाच्या पारपत्रावरही फ्रान्सच्या शिक्क्याची पाळी आली, आणि फ्रान्सचे अधिकारी ती तपासणी डोव्हरच्याच धक्क्यावर करतात. आपल्यास तर इंग्लंडचा एक परवाना व फ्रान्सकरिता दुसरा, असे दोन काढावे लागतात.

पत्र वाचून झाल्यावर घरात विचारविनिमय झाला. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमचे गुडघे, आईचा रक्तदाब, आणि तिकडची थंडी. यंदा राहू द्या. पुढल्या वर्षी पाहू." सूनबाईही म्हणाल्या की, धाकटीची परीक्षा होऊन जाऊ द्या. दोन्ही कारणे खरी होती. ती खरी होती म्हणूनच आमच्या मनात चर्र झाले. हा आवाज आम्ही पूर्वी ऐकिला होता. याच ओटीवर, याच सुरात, आणि तितक्याच मायेने काढलेला.

आम्ही चिरंजीवांस काही उपदेश केला नाही. लहान ट्रंक अद्याप माळ्यावर आहे. ती तेवढी खाली आणून त्यांस दाखविली व तिची हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हां उभयतांची छायाचित्रे काढविण्यास घेऊन गेले. पारपत्राचा अर्ज भरताना एके ठिकाणी आमची लेखणी किंचित अडखळली, कारण पूर्वीच्या परदेशप्रवासाचा तपशील विचारणारा रकाना आहे की काय, असे आम्ही शोधीत होतो. तसा रकाना सापडला नाही. नपेक्षा आम्ही १९५३ साल लिहिणार होतो.

निघण्याचे ठरले आहे. आमच्या घरच्या मंडळींनी तयारीही आरंभिली आहे आणि पहिली वस्तू म्हणून मालवणी खाज्याच्या दोन पुड्या व कुळथाचे पीठ बाजूस काढून ठेविले आहे. नातीकडून चौकशी करविली असता असे कळले की, फ्रान्सच्या नाक्यावर बाहेरून दूध व मांस यांचे पदार्थ नेऊ देत नाहीत. खाज्यात बेसन, गूळ व आले यांपलीकडे काही नसते. तेव्हा त्यास हरकत येऊ नये. पिठाच्या पुरचुंडीविषयी मात्र तेथील कारकुनाने विचारलेच, तर उत्तर आजीचेच द्यावयाचे, असे आम्ही ठरविले आहे.